नानाकाका आणि ओहोटी
लग्नकार्यात कोपऱ्यात बसून पानाला चुना लावणारा माणूस, एवढीच आमची नानाकाकाशी ओळख. आज आंजर्ल्याला ओहोटीच्या टायमाला त्याच्यासोबत खाडीत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला गेलो, गुडघाभर चिखल, आणि हा पायाच्या अंगठ्यानेच चाचपून शिंपली शोधतो, दोन शिंपल्या एकमेकींवर वाजवतो, बद्द आवाज आला की मेलेली, फेकली! मग गडी बोलायलाच लागला, भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, अमावास्येला पाणी कुठवर चढतं, १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा याच खाडीने जगवलं वगैरे. मधेच घरच्यांवर असा खवचट जोक मारला की मी चिखलात बसलोच (इथे लिहिण्यासारखा नाही). पुढच्या अमावास्येला येतोस का म्हणाला. रजा टाकतोय, बॉसला कारण काय सांगायचं ते बघू.