मँचेस्टर माझं आजोळ नाही

"एवढं मँचेस्टर मँचेस्टर करतोस, आजोळ आहे का तुझं?" लग्नात, सत्यनारायणाला, नाशिकला अंबडच्या कंपनीत चहाच्या वेळी हा प्रश्न कुणी ना कुणी टाकतंच. पाठोपाठ दुसरा येतो, "भारताची मॅच असते तेव्हा कुठे असतोस?" आणि ज्यांना फुटबॉल थोडंफार कळतं ते तिसरा टाकतात: "क्लब की देश, एक काय ते सांग." इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही परत विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा चिडूनच सांगतो.

माझं आजोळ दिंडोरीला. मँचेस्टर मी पाहिलेलं नाही. शाळेत असताना शनिवारी रात्री केबलवर जी फुटबॉल टीम दिसायची, मँचेस्टर युनायटेड, ती माझी झाली, त्यात विचारबिचार काही नव्हता. पण तुमच्यातल्या किती जणांकडे चेन्नईचा पिवळा टी-शर्ट आहे? धोनी रांचीचा, टीम चेन्नईची, तुम्ही सिडकोतले. तुम्हाला कुणी आजोळ विचारलं?

क्लब की देश हा झगडा मला पहिल्यांदा भेटला तो २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये, आणि त्यातला एकही देश माझा नव्हता. इंग्लंड-पोर्तुगाल, उपांत्यपूर्व फेरी. इंग्लंडच्या रूनीने पोर्तुगालच्या कार्व्हाल्योला तुडवलं, पोर्तुगालचाच रोनाल्डो रेफ्रीकडे धावला, रूनीला लाल कार्ड. मग रोनाल्डोने आपल्या बेंचकडे बघून डोळा मारला. दोघंही युनायटेडचे! पेनल्टीवर इंग्लंड हरलं. आता हा रोनाल्डो आमच्या टीममध्ये नको, असं मी महिनाभर ज्याला-त्याला सांगत होतो. ऑगस्टमध्ये सीझनच्या पहिल्याच मॅचला युनायटेडने फुलहॅमला ५-१ हरवलं, त्यात रूनीचे दोन आणि रोनाल्डोचा एक. पहिल्या गोललाच माझा राग गेला. खेळणाऱ्यांनी जे इतक्या सहज मिटवलं, ते बघणाऱ्यांनी जन्मभर का धरून बसायचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. भारताची मॅच असते तेव्हा मी कुठे असतो?

११ जून २०२४ ला मी स्वयंपाकघरात होतो. दोह्यात कतार विरुद्ध भारत, फुटबॉल वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, आपल्याकडे रात्री सव्वानऊला. हॉलमधल्या टीव्हीवर टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची पाकिस्तान-कॅनडा मॅच चालू होती. बाबा आणि मेव्हणा दोघंही कॅनडाच्या बाजूने. (कॅनडा कुणाचं आजोळ, हे मी विचारलं नाही.) म्हणून मी मोबाईल घेऊन ओट्याला टेकून उभा.

आपला कॅप्टन सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात निवृत्त झाला होता. हातात पाच गुण. जिंकलो तर आठ, आणि पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच जाणार. शिवाय २०२७ च्या आशियाई कपचं थेट तिकीट. कतार आधीच पुढे गेलेलं, त्यामुळे त्यांनी पोरासोरांची टीम उतरवली होती. आपल्या छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल मारला आणि हाफटाइमला आपण पुढे. मी बाबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "बरं."

७३ वं मिनिट. कतारची फ्री किक, हेडर, आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला. चेंडू त्याच्या बाजूने सरपटत गोलरेषेच्या बाहेर गेला. रेषेवर नाही, अख्खा बाहेर. आपले खेळाडू थांबले, कॉर्नर मिळणार म्हणून. कतारच्या एकाने तो बाहेरचा चेंडू पायाने आत ओढला, दुसऱ्याने जाळ्यात ढकलला. रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ रेफ्री नव्हताच. गुरप्रीत हात हलवत मागे धावतोय, आपले सगळे लाइनमनभोवती, आणि रिप्लेमध्ये रेषा आणि चेंडू यांच्यामधलं हिरवं गवत माझ्या साडेसहा इंची स्क्रीनवरही दिसत होतं.

मी ओरडलो. आई विरजण लावत होती, ती दचकून म्हणाली, "काय सांडलं?" हॉलमधून बाबांनी विचारलं, "विकेट पडली का?"

८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि १-२ ने संपलं. तिकडे आपल्याच गटातलं कुवेत जिंकून सात गुणांवर पुढे गेलं. आमच्या युनायटेडच्या ग्रुपवर मी तो रिप्ले टाकला. बरोबर सतरा दिवस आधी, मँचेस्टर सिटीला हरवून युनायटेडने इंग्लंडचा एफए कप जिंकला त्या रात्री, याच ग्रुपवर पहाटेपर्यंत कुणी झोपलं नव्हतं. आता एकच उत्तर आलं: "इंडियाची मॅच होती का?" सकाळी कंपनीत "काल बघितली का?" विचारलं, तर मला पाकिस्तान जिंकल्याचं सांगण्यात आलं. देशाची मॅच असते तेव्हा कुठे असतोस, असं मला विचारणारे हेच.

राग कुणावर काढावा? रेफ्री दक्षिण कोरियाचा, त्याला मी काय करणार. आपल्या फुटबॉल फेडरेशनने तक्रार केली, निकाल तोच राहिला. क्लबच्या बाबतीत यापेक्षा चीड आणणारे निर्णय झालेत, ते पुढच्या शनिवारपर्यंत विसरायला होतं, कारण पुढचा शनिवार असतो. ही मॅच अजून डोक्यातून जात नाही. म्हणजे मी देशाचा? तेही छातीठोक सांगत नाही. त्याच रात्री झोप येईना म्हणून मी युनायटेड कुणाला विकत घेणार याच्या बातम्या वाचत बसलो होतो. आणि इंटरनॅशनल ब्रेक आला, म्हणजे क्लबच्या मॅच थांबून खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला गेले, की माझा पहिला विचार आजही, आमच्या कुणाचा पाय मोडू नये, हाच.

२०१८ मधला मी तर याहून कोडगा होतो. १ जूनला अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियमात अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून व्हिडिओ केला: शिव्या द्या, टीका करा, पण बघायला या. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना तर त्याने वेगळं बोलून दाखवलं. म्हणजे मलाच. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, भर पावसात स्टेडियम भरलं. मी गेलो नाही. सोमवार होता. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाता येतं, पण परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाला सुटते आणि मॅच आठची. शिवाय मित्राला मी ऐटीत लिहिलं होतं, "नट हात जोडतो म्हणून पडलेल्या नाटकाचं तिकीट काढायचं का?"

२०१८ मधल्या त्या पोराशी, म्हणजे माझ्याशीच, मी हल्ली मनात बरंच भांडतो. नाटक पडलेलं नव्हतं, पाच गोल झाले होते, असं म्हणतो. तो म्हणतो, २०२४ च्या जानेवारीत आशियाई कपमध्ये तीन मॅच, तीन हार आणि आपला गोल एकही नाही, ते काय होतं? दोह्यात हुकलेलं तिकीट पात्रता फेरीत तरी मिळवायचं होतं, तर २०२५ च्या ऑक्टोबरात मडगावात सिंगापूरकडून हरलो आणि २०२७ चा आशियाई कपही गेला. तिथे मला उत्तर सुचत नाही. तो पुढे क्युरासाव काढतो. दीड लाख वस्तीचं बेट, एकट्या नाशिक शहरात त्याच्या दहापट माणसं, आणि वर्ल्ड कपला ते. मी म्हणतो, त्यांची जवळपास सगळी टीम नेदरलँड्समध्ये जन्मलेली आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, रायन विल्यम्सला भारताकडून खेळायचं म्हणून ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडावा लागला. तो म्हणतो, कारणं सांग. भांडण तिथेच राहतं.

आणि क्लब की देश हे फक्त मलाच का? २०२३ च्या एशियन गेम्सना आपल्याच क्लबांनी खेळाडू सोडायला खळखळ केली, कारण देशांच्या मॅचसाठी फिफाने राखलेल्या तारखांत स्पर्धा बसत नव्हती. कशीबशी जमवलेली टीम चीनकडून १-५ हरली. पगार देणाऱ्या क्लबला दोष देणंही मला जमत नाही. विचारायचं तर तिकडेही विचारा.

२०२६ च्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगाल आणि उझबेकिस्तान एकाच गटात आहेत. पोर्तुगालमध्ये आमच्या युनायटेडचा ब्रूनो. उझबेकिस्तानने आपल्याला २०२४ च्या त्या जानेवारीत ३-० हरवलं होतं, आणि ते पहिल्यांदाच वर्ल्ड कपला आलेत. आशियातले म्हणून, आपल्याला हरवलेले म्हणून, माझा जीव थोडा त्यांच्याकडे ओढतोय. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आता ताश्कंद का?"