डोह ओढ्याचा की डोंगराचा?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनगड-कळसूबाई-घाटघरच्या पट्ट्यात, जुलैमध्ये आठवडाआठवडा सूर्य दिसत नाही. खाचरं तुडुंब, ओढे दुथडी, डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी कोसळत असतं. त्याच डोंगरातल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की बायका पहाटे हंडे घेऊन दरी उतरायला लागतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याचं पाणी खाली प्रवरेच्या काठच्या उसाला मिळतं. वरच्या पाड्यांना आधार असतो तो झऱ्यांचाच.

मी भूजलाचं काम करते. कोणता झरा कुठल्या खडकातून येतो, त्याला पाणी कुठून मिळतं, ओढ्याशी त्याचं नातं काय, हे नकाशावर आणणं हा माझा रोजचा उद्योग. इतकी वर्षं हे करून माझं एक ठाम मत झालंय. डोंगरी भागातल्या पाण्याचा नकाशा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीतल्या, पाणी भरणाऱ्या माणसांपासून सुरू व्हायला हवा. मीटर, जीपीएस, उपग्रहाची चित्रं त्यानंतर.

आधी खडकाविषयी थोडं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हे थर एकावर एक बसलेले आहेत. काही कठीण, उभ्या भेगा पडलेले. काही सच्छिद्र, मऊ. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, लाल थरापाशी अडतं, मग आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. तोच झरा. बेसाल्टच्या पोटात पाणी साठवायला जागा थोडी, म्हणून पाऊस कितीही पडला तरी बरेच झरे उन्हाळ्याआधीच बारीक होतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजत आली आहे. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा. ती नोंद अमूल्य आहे, मी रोज वापरते. पण तिचा पाया विहीर आहे. डोंगरउतारावरच्या पाड्यात विहीर नाही, झरा आहे, आणि त्याची नोंद रोज दोन वेळा हंडा भरणाऱ्या बाईच्या डोक्यात आहे. एका पाड्यावर मी विचारलं, झरा कधी कमी होतो? तिघीचौघींनी मिळून उत्तर दिलं: दिवाळीला हंडा टेकवला की भरतो, होळीला शेजारणीशी बोलून होईपर्यंत भरतो, पाडव्यानंतर वाटीवाटीनं भरावा लागतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रात्री नंबर लावायचा. हा त्या झऱ्याच्या वर्षभराच्या प्रवाहाचा आलेखच आहे. बादली आणि स्टॉपवॉच घेऊन आम्ही महिन्याच्या महिन्याला मोजलं, तेव्हा आलेखाचा उतार त्यांनी सांगितला तसाच निघाला. शिवाय त्यांना हेही आठवत होतं की पूर्वी आखाजीलाही हंडा भरायचा. मागचे आकडे माझ्याकडे कुठून येणार होते?

आता त्या डोहाबद्दल. पाड्याखालच्या ओढ्यात एक डोह आहे, उंबराच्या सावलीत. मार्चपासून ओढ्याची धार तुटते, मागेपुढे नुसते गोटे राहतात, पण हा डोह टिकतो. नकाशावर मी त्याला ओढ्याचं उरलेलं पाणी म्हणून रंगवायला घेतलं होतं. आमच्याबरोबर आलेल्या आजी म्हणाल्या, “बाई, ह्यो डोह वढ्याचा न्हाई, डोंगराचा हाय.” मग त्यांनी लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि माझा हात धरून तळाशी नेला. तिथे वाळू हलत होती. खालून पाणी वर ढकललं जात होतं आणि वाळूचे कण जागच्या जागी नाचत होते. वीतभर बाजूला हात नेला की पाणी उन्हानं तापलेलं, तळाशी मात्र गारेगार. मीटर लावला. वाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज, वरच्या झऱ्याशी जुळत होती. ओढ्यातल्या इतर डबक्यांशी नाही. खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त उतरतात, म्हणून ही खूण भरवशाची. डोह डोंगराचाच होता.

आजींना हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तेही हिवाळ्यामुळे. पौषात पहाटे भांडी घासायला, कपडे धुवायला बायका ओढ्याच्या ठराविक जागीच बसतात, कारण तिथलं पाणी कोमट असतं. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. ओढ्याचं पाणी थंडीत गारठतं आणि उन्हात तापतं. म्हणून भूजल कुठे ओढ्यात मिसळतं ते शोधायला जगभर थर्मामीटर वापरतात, मोठ्या नद्यांवर तर विमानातून उष्णतेची छायाचित्रं घेतात. आमच्या ओढ्यावर जानेवारीतल्या एका सकाळी बायकांनी नेहमी बसायचे दगड दाखवले. प्रत्येक दगडाशी थर्मामीटर बुडवला. जिथे जिथे त्या बसत, तिथे तिथे पारा चढला. एवढ्या थोड्या वेळात एवढी चोख माहिती मला कुठल्याही यंत्रानं दिलेली नाही.

दुसरं टोक पठारावर. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पावसाळ्यात आम्हाला ओढ्याच्या वरच्या अंगाला नेलं आणि कातळात पडलेली लांब भेग दाखवली. “हितं वढा पानी पितो,” म्हणाले. भेगेच्या वर प्रवाह भरपूर, शंभरेक पावलं खाली स्पष्टपणे कमी. म्हणजे एकच ओढा वर डोंगराला पाणी देतो आणि खाली डोहापाशी डोंगराकडून घेतो. शास्त्रात याला मोठाली नावं आहेत. बाबांचं वाक्यच आम्ही नकाशाच्या सूचीत घातलं.

बाबांनी आणखी एक सांगितलं, ते मला सुरुवातीला पटेना. त्यांच्या मते पाड्याच्या झऱ्याला पाणी येतं ते पलीकडच्या गावाच्या हद्दीतल्या चोंढ्यातून. तो चोंढा म्हणजे पाणथळ सखल जागा, आणि ती उतरते दुसऱ्या दरीकडे. पाणलोटाच्या नकाशात तिचा या झऱ्याशी काही संबंध नाही. पण चोंढ्याचा जुना बांध फोडून तिथे शेत केलं त्या वर्षापासून झरा लवकर आटायला लागला, हे पाड्यातल्या प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. मग आम्ही दोन्ही बाजूंनी लाल थराची उंची मोजत गेलो. थर पाड्याच्या बाजूला किंचित कललेला निघाला. जमिनीवरचं पाणी एका दरीत वाहतं आणि जमिनीखालचं दुसऱ्या, असं होऊ शकतं आणि इथे तसंच झालं होतं. चर खणायचे, बांध घालायचे तर ते झऱ्याच्या वरच्या उतारावर नव्हे, त्या चोंढ्यात. सरकारी पैसा आणि माणसांचे कष्ट चुकीच्या उतारावर जाण्यापासून वाचले, ते बाबांमुळे.

सगळ्याच खुणा सारख्या वजनाच्या नसतात, हेही सांगायला हवं. उंबर दिसलं की पाणी, हा सरधोपट नियम मी मानत नाही, आणि या लोकांपैकी कुणी मानतही नाही. ते उंबराखालची बिळं बघतात, भर उन्हाळ्यात खेकडा ओल्या मातीचे गोळे बाहेर टाकतो का ते बघतात, गुरं कुठे जमीन हुंगतात ते बघतात. साती आसरांची, म्हणजे पाण्याच्या देवतांची, शेंदूर लावलेली ठाणी तर मी आता पहिल्याच फेरीत विचारून घेते. एका दरीत ती सगळी नकाशावर टाकली तर जवळजवळ एकाच उंचीवर आली, आणि ती उंची लाल थराची होती.

हे ज्ञान नकाशावर आलं की पुढे काय होतं, याची मात्र मला काळजी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ग्रेट आर्टेशियन खोऱ्याच्या कडेला, वाळवंटात झऱ्यांची रांग आहे. तिथल्या आदिवासींचे प्रवासाचे आणि व्यापाराचे मार्ग हजारो वर्षं त्या झऱ्यांवरून जात. जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी १८५८ नंतर त्याच झऱ्यांच्या आधारानं खंड ओलांडायला निघाला, मागून १८७२ ची तारायंत्राची लाइन आणि मग रेल्वे तिथूनच गेली. पाठोपाठ कूपनलिका आल्या, हजारोंनी; पाण्याचा दाब घटला आणि कितीतरी झरे कायमचे बंद पडले. आज तिथे ब्रॅडली मॉगरिजसारखा कामिलरॉय समाजातला भूजलशास्त्रज्ञ स्वतःच्या लोकांच्या पाणीज्ञानावर संशोधन करतो. आमच्याकडेही झऱ्यांचा नकाशा करणारी मुलं महादेव कोळी आणि ठाकर घरांतलीच असावीत, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत निदान परवानगी तरी नीट घ्यायची. वनहक्क कायदा, २००६ मध्ये पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे, आणि पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे, ग्रामसभेचा शब्द मोठा. आमचा नकाशा आधी ग्रामसभेत भिंतीवर लागला. दोन ठिकाणं पुसा, असं सांगण्यात आलं. एक देवराईतलं पाणी होतं, दुसऱ्याचं कारण मी विचारलं नाही. दोन्ही पुसली. मूळ प्रत ग्रामपंचायतीत आहे, माझ्याकडे नक्कल. झऱ्याचं माप आता आश्रमशाळेतल्या मुली दर अमावास्येला घेतात आणि वहीत लिहितात. चोंढ्याच्या बांधाबद्दल पलीकडच्या गावाशी बोलणी चालू आहेत. शेत ज्याचं आहे त्याला भाताच्या बदल्यात काय द्यायचं, यावर गाडी अडली आहे. पुढची बैठक भातकापणी झाल्यावर ठरली आहे.