सिल्व्हर स्वॉर्ड १/७००, अपडेट ४: एकदाचं पांढरं झालं

मंडळी, सिल्व्हर स्वॉर्ड या मालवाहू जहाजाचं सातशेपट लहान मॉडेल करतोय, पण तीन आठवडे गायब होतो, पावसाने वाट लावली. वार्निश मारलं आणि काळ्या हलवर, म्हणजे जहाजाच्या अंगावर, साय धरल्यासारखं धुकं आलं, सगळं घासून परत पहिल्यापासून. तोवर मॉडेलभोवतीच्या बर्फाकडे वळलो, तर तिथेही माती खाल्ली, माळ्यावर जुन्या मखराचा थर्माकोल पडला होता तो वापरला आणि त्यावर कॅनमधला प्रायमर मारला. त्याने थर्माकोल विरघळतो हे माहिती असून केलं. दोन मिनिटांत बर्फाचं अनारसं झालं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातला दोस्त राष्ट्रांचा पीक्यू १७ काफिला २७ जून १९४२ ला आइसलंडहून रशियाकडे निघाला, ३५ मालवाहू जहाजं. टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका बाहेर पडतेय या भीतीने ४ जुलैला लंडनहून ब्रिटिश नौदलप्रमुख अॅडमिरल पाउंडने पांगायचा हुकूम दिला. टिर्पिट्झ ५ तारखेला निघाली आणि त्याच दिवशी परत फिरली, पण एकेकटी पडलेली जहाजं पाणबुड्या आणि विमानांच्या तोंडी आयती गेली, २४ बुडाली. त्या दिवसांत तिथे रात्रच नाही हो, सूर्य मावळत नाही, लपायचं कुठे? तर एअरशायर नावाच्या छोट्या सशस्त्र ट्रॉलरचा कप्तान ग्रॅडवेल, मूळचा वकील, तीन जहाजं घेऊन सरळ बर्फात घुसला. ट्रूबडूर, आयर्नक्लॅड आणि आपली सिल्व्हर स्वॉर्ड. ट्रूबडूरवर पांढरा रंग होता, तो सगळ्यांनी फासला, डेकवर चादरी अंथरल्या, धूर दिसू नये म्हणून बॉयलरच्या आगी दाबून ठेवल्या. त्यामुळे चिमणीतून धूर दाखवायचा कापूस वाचला माझा.

आता रंग. पहिला हात एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) मारला आणि जहाज फ्रीजसारखं दिसायला लागलं, गुळगुळीत, शोरूममधलं. अरे, जीव मुठीत धरून खलाशांनी ब्रशने फासलेला रंग असा दिसेल का? मग झीरो नंबरचा जुना, केस फाकलेला ब्रश घेतला, रंग टिश्यूवर जवळजवळ पुसून टाकला आणि उभे उभे फटकारे मारले, खाली गंज आणि काळं डोकावत ठेवलं, अँकरच्या खाली तर मुद्दाम सोडूनच दिलं कारण तिथे हात पोचला नसणार. गावाकडच्या भिंतीला चुना मारल्यासारखं झालंय आणि मी जाम खूश आहे. चादरी म्हणजे टिश्यूचा एकच पदर, पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून हॅचवर (डेकवरच्या झाकणावर) टाकला आणि सुईच्या टोकाने सुरकुत्या पाडल्या.

बर्फ शेवटी मेणाचा केला. वितळवून ताटलीत ओतला, थंड झाल्यावर हाताने मोडला, कडा आपोआप खऱ्या तुकड्यांसारख्या आल्या. मधल्या फटीत गडद निळा-काळा रंग आणि वर ग्लॉस.

यू-२५५ ही जर्मन पाणबुडी पण तयार आहे. टाइप सात-सी जातीची, खरी ६७ मीटर, माझी साडेनऊ सेंटीमीटर, वर फिकट राखाडी, खाली गडद. पाणी आत घ्यायच्या फटी ब्लेडने कोरताना डोळे गेले. बऱ्याच जणांनी विचारलं की तिला त्याच बेसवर का नाही ठेवत. नाही जमणार राव, कारण जुलैत सिल्व्हर स्वॉर्ड बर्फातून सुटून अर्खान्गेल्स्कला पोचली, पण परतीच्या क्यूपी १४ काफिल्यात २० सप्टेंबरला यू-२५५चाच टॉर्पेडो लागून बुडाली. या यू-२५५ ने जुलैत पीक्यू १७ च्या जहाजांचीही शिकार केली होती, तेव्हा मात्र सिल्व्हर स्वॉर्ड हाताला लागली नाही. म्हणून पाणबुडीला वेगळा बेस, कपाटातला खालचा कप्पा.

राहिलं रिगिंग, म्हणजे डोलकाठीचे दोर. ओढलेला स्प्रू (किटमधल्या प्लॅस्टिकच्या काडीला गरम करून ताणलेला धागा) पांढऱ्यावर फार जाड दिसतोय, कोणी साडीतला नायलॉनचा धागा वापरून बघितलाय का?