डफ शेकताना

आमच्या वस्तीतल्या कलामहोत्सवाचं तिसरं वर्ष. बॅनर कुणाचाच नाही, पुढे सोफे नाहीत, सगळे सतरंजीवर. आणि मानधनाचं पाकीट कार्यक्रमाआधीच कलाकाराच्या हातात. यासाठी वर्गणीच्या बैठकीत मी भांडलो होतो.

संध्याकाळी खडी गंमतवाले, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्याचे, शाहीरबुवा मांडवामागे गावाहून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, पेटवून डफ शेकत होते, चामडं ताणलं जावं म्हणून. टिचकी मारायची, कान लावायचा, परत शेकायचा. पाकीट दिलं तर म्हणाले, "बाप्पा, आधीच? आमाले तं रात्री दोन वाजेपर्यंत थांबा लागते."

गळा दाटून आला हो.

१८८०च्या दशकापासून आपल्या नागपुरात वस्तीतली माणसं मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्याची मिरवणूक, काढतात, तिथे कुठे व्हीआयपी पास लागतो?

मग डफ कडाडला. शेजारच्या आजी सरकत सरकत पार पुढे जाऊन बसल्या.