आमची वाटचाल : सुताच्या दोरीपासून पीयूच्या गनपर्यंत

1991 साली धुळ्यात, आग्रा रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझा मावसभाऊ यांनी गाड्यांच्या काचा बसवायला सुरुवात केली. भाऊ मुंबईला काम शिकून आला होता. आमच्याकडे दोन सक्शन वाट्या, साबणाच्या पाण्याची बादली आणि सुताची दोरी एवढंच होतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते इथेच एकमेकांना कापतात, त्यामुळे ट्रकांची वाण नव्हती.

ती दोरी आजही खिळ्याला टांगलेली आहे. काचेला रबर बीडिंग चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी फिरवायची, दोन्ही टोकं केबिनच्या आत सोडायची. बाहेरून एकाने तळहाताने काच दाबत राहायचं आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढायची, की रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप चढतो. घाईने ओढली तर रबर फाटतं. भावाच्या हातून मी रबर फाटलेलं पाहिलं नाही.

तेव्हा पुष्कळ गाड्यांना पुढची काचही टफन असायची. अशी काच सहाशेच्या वर अंशांपर्यंत तापवून गार हवेच्या झोताने एकदम थंड करतात. बाहेरचा थर दाबात राहतो आणि आतला ताणात, म्हणून ती साध्या काचेपेक्षा कणखर. पण घाव आतल्या ताणापर्यंत पोचला की अख्ख्या काचेचे खडे होतात. लळिंगच्या घाटात खडी उडून काच गेलेले ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून, डोळे बारीक करून दुकानापर्यंत यायचे. पुढे लॅमिनेटेड काच आली. दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पडदा. तडा जातो, पण काच जागेवर राहते. बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून 1903 साली एक चंबू पडला. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर सुकलेला होता, म्हणून तुकडे विखुरले नाहीत. तिथून ही कल्पना निघाली. माझ्या दुकानात नवा पोऱ्या आला की पहिल्या दिवशी मी त्याला ही गोष्ट सांगतो.

मग चिकटवलेल्या काचांच्या गाड्या आल्या, रबर गेलं आणि पीयू, म्हणजे काच चिकटवायचं पॉलियुरेथेन, आलं. जुनी काच पियानो वायरने कापून काढायची, पत्र्यावर जुन्या पीयूचा पातळ थर ठेवायचा, प्रायमर मारायचा आणि गनने तिकोनी धार एका दमात फिरवायची. काचेच्या कडेला काळी पट्टी असते, तिला लोक शोभा समजतात. ती उन्हापासून पीयूला वाचवते.

2004 च्या मे महिन्यात आम्ही अकरा गाड्यांच्या काचा पीयूने बसवल्या. सगळ्या गाड्या तासाभरात सोडल्या, कारण ट्यूबवर एक तासच लिहिलेला होता. जूनच्या पहिल्या पावसात त्यातल्या आठ गळल्या. एका काचेची वरची कड तर हाताने हलत होती. ट्यूबा मुदत संपलेल्या होत्या. विक्रेत्याने तारखेवर दराची चिठ्ठी डकवलेली, हे आम्ही नंतर चिठ्ठी खरवडली तेव्हा कळलं. पण दोष तेवढाच नव्हता. पीयू हवेतली ओल शोषून घट्ट होतं. कंपनीचा तास 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरून काढलेला. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. धार वरून सुकलेली दिसायची, पोटात कच्चीच. गिऱ्हाइकाने दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने काच उचलली जायची.

त्याच महिन्यात, आमच्याकडे सहा वर्षं शिकलेल्या माणसाने तीनशे पावलांवर दुकान टाकलं. तो बाथरूमला लावतात ते सिलिकॉन वापरायचा. आणि त्याच्या काचा गळत नव्हत्या! सिलिकॉन पाणी उत्तम अडवतं. पण गाडी उलटली तर छताला आधार देण्याची, एअरबॅग काचेवर आदळला तर तिला धरून ठेवण्याची ताकद त्यात नाही. हे मी कुणाला सांगणार? “गळक्या काचवाल्याकडे कशाला जाता?” हे त्याचं वाक्य पारोळ्यापर्यंत पोचलं. आठही काचा आम्ही पदरच्या पैशाने पुन्हा बसवल्या. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. दिवाळीनंतर भाऊ सुरतेला नोकरीला गेला. त्या माणसाने सिलिकॉन लावलेल्या गाड्या अजून आमच्याकडे येतात. त्या पत्र्यावर पीयू धरत नाही, तासन्‌तास खरवडावं लागतं. त्याची मजुरी मी वेगळी लावतो आणि का लावतो तेही सांगतो.

त्या जुलैत दुकानात माशी नव्हती, तेव्हा कुसुंब्याचे नाना आले. साक्रीकडचा कांदा आणि नंदुरबारची मिरची वाहणारे त्यांचे तीन ट्रक होते. चौथा त्यांनी नुकताच घेतला होता. त्याच्या काचेला साधा ओरखडाही नव्हता. पैसे टेबलावर ठेवून म्हणाले, “पैसा आज लई ले, काच फुटी तवय बसाड.” म्हणजे पैसे आज घे, काच फुटेल तेव्हा बसव. त्या पैशातून मी पहिल्यांदा हवेतली ओल मोजायचं यंत्र घेतलं. ते दाराशी लावलंय. आकडा तीसच्या खाली गेला की गाडी दुसऱ्या दिवशीच मिळते, मालक कितीही चिडो. मे महिन्यात धार पहाटेच मारतो, पत्रा गार असतो.

पुढची पंधरा-सोळा वर्षं काम चालत राहिलं.

आता विचारलं नाही तरी सांगतो. बारीक टिचकी पडली तर लगेच त्यावर सेलोटेप लावा, धूळ-पाणी आत जाऊ देऊ नका. रुपयाएवढ्या टिचकीत रेझिन भरून यूव्ही दिव्याने पक्की करता येते, काच बदलावी लागत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर पाणी ओतू नका, एसीचा झोतही लगेच तिच्यावर सोडू नका. काच नवी असेल तर दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.

हल्ली आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्या येतात. कॅमेऱ्याचा कोन एका अंशाने चुकला तर पन्नास मीटरवर त्याची नजर जवळजवळ 87 सेंटीमीटर बाजूला जाते. म्हणून काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन पुन्हा जुळवणं, करावंच लागतं. त्यासाठी शेडची फरशी मी पाणसळ लावून पुन्हा घातली. गेल्या महिन्यात तशी पहिली गाडी त्या फरशीवर उभी राहिली, नानांच्या नातवाची. यंत्राचा आकडा सव्वीस होता. मी त्याला उद्या ये म्हणालो. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि एसटीने कुसुंब्याला गेला.