क्यूच्या अभिलेखागारात पाच दिवस: सुवेझच्या फाइली वाचताना

लंडनच्या क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरून थोडं चाललं की ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार लागतं. मंगळवार ते शनिवार मी तिथे इजिप्तमधल्या सुवेझ कालव्यावरून १९५६मध्ये पेटलेल्या संकटाची कागदपत्रं वाचत बसले. रविवारी आणि सोमवारी वाचनकक्ष बंद असतात, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधीच लक्षात घ्या.

वाचकपत्र मोफत मिळतं, मात्र नुसता पासपोर्ट पुरत नाही, पत्त्याचा पुरावाही लागतो. दोन्हींच्या मूळ प्रती जवळ ठेवा. आत पेन चालत नाही, पेन्सिलच न्यायची. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. घरून निघण्यापूर्वीच फाइली ऑनलाइन मागवून ठेवल्या, तर पहिली सकाळ वाया जात नाही.

माझा पहिला दिवस तरीही वाया गेला. हावऱ्यासारखे शेकडो फोटो काढले आणि रात्री पाहते तर कुठलं पान कुठल्या फाइलीतलं, काही कळेना. संदर्भ क्रमांक नसलेला कागद शोधनिबंधात वापरता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फाइली पुन्हा काढल्या. तेव्हापासून आधी कव्हराचा फोटो घेते आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पानाशेजारी ठेवते.

सुवेझचा गाभा थोडक्यात असा. २२ ते २४ ऑक्टोबर १९५६ या काळात पॅरिसजवळच्या सेव्र इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलच्या प्रतिनिधींनी गुपचूप ठरवलं की इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा आणि मग लढाई थांबवण्याच्या नावाखाली ब्रिटन-फ्रान्सने कालव्यावर फौजा उतरवायच्या. पंतप्रधान अँथनी ईडन यांना याचा लेखी मागमूस नको होता. तरी सेव्रला लेखी करार झालाच. त्याची ब्रिटनची प्रत नष्ट करण्यात आली, त्यामुळे क्यूमध्ये ती शोधू नका. इस्रायलने आपली प्रत जपली, म्हणून मजकूर आज वाचता येतो.

पण २३ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळ बैठकीच्या गोपनीय परिशिष्टात, पॅरिसमध्ये इस्रायली प्रतिनिधींशी गुप्त बोलणी झाल्याचं ईडन यांच्याच तोंडी नोंदलेलं आहे. आणि २० डिसेंबरला तेच ईडन संसदेत सांगतात की इस्रायल हल्ला करणार याची पूर्वकल्पना नव्हती. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा अंगावर काटा आला. हे दोन्ही घरबसल्या मिळतात. मंत्रिमंडळाची इतिवृत्तं कॅब १२८ या मालिकेत आहेत आणि ती ऑनलाइन आहेत. संसदेची भाषणंही आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने छापलेला सुवेझवरचा खंडही मोफत वाचता येतो. हे सगळं वाचूनच निघा. क्यूमधला वेळ फक्त कागदावरच असलेल्या गोष्टींसाठी ठेवा.

माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे एफओ ३७१, परराष्ट्र खात्याचा राजकीय पत्रव्यवहार. आलेल्या तारेइतकेच तिच्यावरचे शेरे वाचा. खालचा अधिकारी आधी मत लिहितो, खाली आद्याक्षरं आणि तारीख टाकतो, मग फाइल वर सरकते आणि वरचा त्याला दुजोरा देतो किंवा खोडून काढतो. आद्याक्षरांवरून माणूस ओळखायला एक दिवस जातो, त्या वर्षीची खात्याची छापील यादी जवळ असली की सोपं पडतं. ऑक्टोबरअखेरचे शेरे वाचताना मी आधी चिडले, हे लोक इतकं लपवतात कसं? मग उमगलं की सेव्रची बातमी खात्यातल्या मूठभर लोकांनाच होती. बाकीचे लपवत नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं. फाइलीतल्या शांततेचा अर्थ लावण्याआधी, ते टिपण लिहिणाऱ्यापर्यंत काय पोचलं होतं हे तपासा.

काही ठिकाणी पानाऐवजी नुसती चिठ्ठी असते: १९५८च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या कलम ३(४)नुसार कागद राखून ठेवला आहे. तिचाही फोटो घ्या. ब्रिटनच्या माहिती अधिकार कायद्याखाली तो कागद मागता येतो.

शनिवारी शेवटच्या फाइलीत, कालव्याच्या वादावर १९५६मध्ये भरलेल्या लंडन परिषदेचे कागद निघाले. ऑगस्टमध्ये भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी तिथे भारताची योजना मांडली होती. तिच्याविषयी माझ्याकडे आता ब्रिटिश बाजू आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली आपल्या सरकारची टिपणं पाहिल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहिणार नाही. अर्ज केला आहे, उत्तराची वाट पाहते आहे.