२६.८ मिलिमीटर

जुनी स्टीलची माउंटन बाइक दुकानात आली की मी आधी रंग, गंज, टायर यांतलं काहीच बघत नाही. सीटचा बोल्ट सैल करतो आणि सीटखालची, फ्रेमच्या नळीत बसलेली दांडी फिरते का ते बघतो. फिरली तर बाकीची सगळी कामं होतात. गंजलेल्या तारा बदलता येतात, चाकाच्या मधल्या हबचे कोन, म्हणजे छर्रे धरणारे शंकू, आणि छर्रे मिळतात, चेन नवी घालता येते. दांडी अडकली असेल तर मात्र सगळं काम तिथेच थांबतं, कारण जोरजबरदस्तीत फ्रेमच गेली तर दुरुस्त करायला उरतं काय?

ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या माउंटन बाइकची फ्रेम क्रोमॉली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या, स्टीलची असते आणि सीटची दांडी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले, आणि मागच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं सीटच्या खालच्या फटीतून आत जाणारं. मडगार्ड तर या सायकलींना नसतंच. पाणी आत राहिलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याचं पांढरं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं. नळीत नळी अशी आवळली जाते की पाना, हातोडा, शिव्या, कशाचाच उपयोग होत नाही. हे सगळं टाळायला दांडी बसवताना बोटभर ग्रीस लावलं तरी पुरतं.

सरांच्या सायकलची दांडी फिरली नाही.

सर म्हणजे आपल्या इंदूरच्या कॅटमधून, राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, निवृत्त झालेले इंजिनिअर. १९८४ साली केंद्राची पायाभरणी झाली, त्यानंतर थोड्याच काळात ते तिथे लागले. सारी नोकरी व्हॅक्यूम चेंबर, फ्लँज आणि वेल्डिंग यांत गेली. मधे काही काळ कामानिमित्त इंग्लंडमध्ये होते, तेव्हा पैसे साठवून घेतलेली ही मडी फॉक्स कुरियर. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये या ब्रँडचा फार बोलबाला होता. फ्रेमवर कोल्ह्याच्या पंजांचे ठसे असायचे, ते या सायकलवर अजून दिसत होते. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, पाठीवर ‘एमके’ ही अक्षरं सापडली. तो बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या त्या वेळच्या पद्धतीत पहिलं अक्षर वर्षाचं, १९७६ साठी ए धरून पुढे मोजायचं, आणि दुसरं महिन्याचं. म्हणजे नोव्हेंबर १९८८. सर म्हणाले, “बरोबर. पुढच्या उन्हाळ्यात घेतली मी.”

मला या सायकलींबद्दल इतकं का वाटतं, ते सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या जाडजूड क्रूझर सायकली डोंगरावरून खाली हाणत होती. त्या सायकली मोडायच्या, ब्रेक जळायचे. मग जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवायला घेतली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन धंदा उभा केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल कारखान्यातून बाहेर पडली. नंतरच्या दहा वर्षांत तर दर वर्षी काहीतरी नवं येत गेलं. कुणी ब्रेक कुठे लावावा ते तपासत होतं, कुणी पुढची दातेरी चकती गोल असावी की लंबगोल ते. सरांच्या सायकलचा मागचा ब्रेक खाली, क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, मागे आहे, यू-ब्रेक. दोन-चार वर्षांची ती फॅशन. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही जागा इतकी भरते की चाक फिरत नाही, आणि पुढे कंपन्यांनीही ती सोडून दिली. पण एका विचाराने कुणीतरी तो ब्रेक तिथे लावला होता, आणि तो विचार मला हाताने तपासता येतो. गिअरच्या थंब शिफ्टरला, अंगठ्याने ढकलायच्या खटक्याला, एक छोटी कळ आहे. एका बाजूला खटके, दुसऱ्या बाजूला नुसतं घर्षण. केबल ताणली गेली, डिरेलर वाकला, तरी कळ फिरवा आणि अंदाजाने गिअर टाकत घरी पोचा. आजच्या महागड्या सायकलीत ही सोय नाही.

आता त्या दिवसाचं.

फ्रेम मी आधीच उलटी टांगून ठेवली होती. खालून, क्रँकच्या वाटीतून, पेनिट्रेटिंग ऑइल सोडत होतो, म्हणजे ते दांडीच्या आतल्या टोकापर्यंत उतरेल. सर सकाळीच आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “तू कर तुझं, मी मधे बोलणार नाही.” लोकमान्य नगरातल्या माझ्या दुकानात जागा एवढीशी, त्यामुळे मधे न बोलणारा माणूस चालतो.

पहिला उपाय व्हाइसचा, कामाच्या बाकावरच्या शिकंज्याचा. सीट काढून दांडीचं डोकं व्हाइसमध्ये आवळायचं आणि फ्रेमच हातात धरून फिरवायची. फ्रेमएवढा लांब पाना दुसरा मिळत नाही. माझ्या शिकाऊ पोरग्याने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, सारखा जोर लावला. दांडीचं डोकं पिळवटल्यासारखं झालं, पण आतली नळी जागची हलली नाही. माझी नजर सीटखालच्या दोन बारीक नळ्यांवर होती. त्या किंचित वाकताना दिसल्या आणि मी हात काढला. इथे आणखी जोर लावणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. दांडी निघते, पण फ्रेम वाकडी होते आणि सायकल आयुष्यभर एका बाजूला ओढते.

कॉस्टिक सोड्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. सोडा ॲल्युमिनियम खातो, स्टीलला हात लावत नाही, हे खरं. पण त्यातून हायड्रोजन निघतो, द्रावण तापतं, अंगावर उडालं तर डोळे जातात, आणि रंगावर ओघळलं तर रंगही. माझ्या दुकानात शिकाऊ पोरगा असतो. मी ते करत नाही.

सरांनी टायरच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि पेन काढलं. “व्यास २६.८. शंभर अंशांनी थंड केलं तर ॲल्युमिनियम किती आकसेल?” त्यांनीच आकडा काढला: सहा शतांश मिलिमीटर. स्टीलचा प्रसरणांक जवळपास निम्मा, म्हणून तेही थंड झालं तरी निम्मंच आकसेल. “स्टीलला थंड होऊ दिलं नाही तर पूर्ण सहा शतांश आपले. चिकटलेला थर फोडायला तेवढे पुरावेत.”

कोरडा बर्फ मिळाला एका आइस्क्रीम पोचवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. वजा अठ्ठ्याहत्तर अंशांचा. शटर पूर्ण वर, पंखा चालू, हातात जाड मोजे. दांडीचं पिळलेलं डोकं हॅक्सॉने कापून टाकलं, आता वर दोन बोटं नळी उरली होती. तिच्यात बर्फाचा चुरा ठासून भरला आणि बाहेरून फ्रेमवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळत राहिलो. दांडीवर पांढरं दव गोठलं. मग आतून “टक्” असा आवाज आला. सर उठून उभे राहिले.

पाइप रेंच लावला. दांडी हलली, नखाएवढी. पोरगं ओरडलंच. पण तेवढंच. वरचा थर सुटला होता, खालचा धरून होता. पुन्हा बर्फ भरला, पुन्हा फडकी, पण पुढे सरकेना.

मग उरलं कापणं. दांडीच्या आतून, उभी चीर पाडायची, वरपासून थेट तळापर्यंत, म्हणजे ती आतल्या आत दुमडता येईल. हॅक्सॉचं उघडं पान, एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ केलेली. वाचायला सोपं आहे. फ्रेमची नळी बाहेरून २८.६, आतून २६.८. म्हणजे स्टीलची जाडी फक्त ०.९ मिलिमीटर. पान ॲल्युमिनियम संपल्यावर थांबलं नाही, तर त्या ०.९ मध्ये खाच पडणार आणि सायकलस्वाराचं सगळं वजन नेमकं त्या खाचेवर येणार. आणि आत दिसत तर काही नाही. सगळं हाताच्या अंदाजावर.

इथे सर जे बोलले ते मी जपून ठेवलं आहे. म्हणाले, “कीस बघत जा. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही.”

खाली पांढरा कागद अंथरला. थोडं कापलं की फ्रेम उलटी करून कीस कागदावर झाडायचा, आणि कागदाखालून चुंबक फिरवायचा. कीस जागचा हलला नाही तर कापत राहायचं. त्यातला एखादा कण जरी चुंबकामागे धावला, तर त्या जागी पान स्टीलला टेकलं, तिथे आता हात लावायचा नाही. मी कापत होतो, सर कागद वाचत होते. “स्वच्छ.” “स्वच्छ.” “थांब, वरच्या बाजूला दोन कण.” वरचं झालं, खाली सरकायचं. पान बदललं की पुन्हा पहिल्यापासून अंदाज घ्यायचा. मधेच काकूंचा डबा आला, तो आम्ही तिघांनी कामाच्या बाकावरच संपवला. दुपारनंतर माझी मनगटं भरून आली तेव्हा सरांनी पान मागितलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा सावकाश आणि जास्त सरळ चालतो, हे मी तेव्हा पाहिलं. दाब जाताना, येताना नाही. तसं शिकवावं लागतं आणि त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं होतं.

चीर तळाला पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. लांब चोचीच्या पकडीने एक कड आत दुमडली, मग दुसरी. नळीचं तोंड निमुळतं झालं. पाइप रेंच लावून फिरवलं आणि ती करकरत फिरली. आम्ही तिघंही काही बोललो नाही, नुसते फिरवत, ओढत राहिलो, आणि ती बाहेर आली. तिच्यामागून मूठभर पांढरी भुकटी जमिनीवर पडली.

बॅटरी लावून मी आत पाहिलं. एका जागी चिरेच्या ओळीत बारीक ओरखडा होता, नखाला न लागणारा. एवढंच. सरांनी स्वतः पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मोटारीच्या ब्रेक सिलिंडरला वापरतात त्या होनिंग टूलने नळी आतून साफ केली आणि व्हर्नियर लावला. २६.८.

आता २६.८ ची दांडी इथे कुठे मिळणार? बाजारात २७.२ सहज मिळते, २५.४ पण. मी जाड भिंतीची २७.२ घेऊनच ठेवली होती. ती घेऊन दुसऱ्या दिवशी पोलोग्राउंडला, माझ्या नेहमीच्या लेथवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी दांडीच्या आत लाकडी गुल्ला ठोकला, दुसऱ्या टोकाला सेंटर दिला, नाहीतर पोकळ नळी थरथरते आणि टूल खोदत जातं. दोन्ही बाजूंनी मिळून चार दशांश उतरवायचे होते. शेवटचे पास त्यांनी इतके हलके घेतले की चिप्स केसांसारख्या निघत होत्या. “भिया, अब ये ठोकने की चीज नहीं है, हाथ से जाएगी,” असं म्हणून त्यांनी दांडी पुसून दिली. हातानेच गेली.

बाकीचं काम पुढच्या काही दिवसांत झालं. मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे, पुढच्यात तीन सोळांश इंचाचे दहा-दहा. क्रँकची उजवी वाटी उलट्या आट्याची असते, हे पोरग्याकडून म्हणवून घेतलं आणि त्यालाच उघडायला लावली. टायरच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. ज्या २६ इंचाच्या चाकासाठी परदेशातले शौकीन दुकानं पालथी घालतात, ते ५५९ मिलिमीटरचं माप आपल्याकडे साध्या एमटीबीला अजून येतं. फक्त मागताना ५५९ बघून घ्यायचं, कारण जुन्या घरगुती सायकलीचं २६ इंच वेगळं, ५९० चं, आणि ते या रिमवर राहत नाही.

रंगाचा प्रश्न शेवटी आला. सरांच्या मुलाचा परदेशातून फोन, की पावडर कोटिंग करून अगदी नवी करा, खर्चाचं बघू नका. मी त्याला समजावलं. फ्रेम सँडब्लास्ट केली की ते पंजांचे ठसे जातात आणि पुन्हा तसेच्या तसे मिळत नाहीत. वर जाड थर बसला तर उद्या एखाद्या जोडावर बारीक तडा गेला, तो दिसायचा नाही. रंग पोटातून फुगला असता तर मीच काढायला सांगितलं असतं. इथे रंग फ्रेमला धरून आहे, पोपडे नाहीत. साबणपाण्याने धुतला, गंजाचे ठिपके हाताने घासले, वॅक्स लावलं. माझ्या मते या कामात नव्वद टक्के वेळ काय काढायचं नाही हे ठरवण्यात जावा. मुलगा थोडा नाराज झाला. सर म्हणाले, “सायकल माझी आहे.”

केसरबाग रोडवर त्यांनी पहिली चक्कर मारली. मी मागून स्कूटरवर. त्यांनी शिफ्टरची कळ घर्षणावर टाकली होती आणि न बघता गिअर बदलत होते. दुकानात येऊन म्हणाले, दांडी अर्धा सेंटिमीटर वर हवी. मी बोल्ट सैल केला, दांडी दोन बोटांनी वर उचलली, पुन्हा आवळला.

सर आता रविवारी रालामंडळच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर जातात. पावसाळ्याआधी दांडी काढून, पुसून, ताजं ग्रीस लावून परत बसवायची, असं मी त्यांना लिहून दिलं होतं. ते काम त्यांनी घरीच उरकलं आणि मला सांगायला आले, सोबत कॅटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन. त्यांच्याकडे पण त्याच काळातली एक सायकल गॅरेजमध्ये पडून आहे. सीट हलते का, ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही.